कोल्हापूरच्या मैदानात सुटलेली लेस

कर्वेनगर

फुटबॉलसाठी कोल्हापूरला जाऊन आलो असं सांगितलं की ओळखीचे लोक आधी माझ्या पोटाकडे पाहतात आणि मग 'अंबाबाईचं दर्शन झालं ना?' असं विचारून विषय बदलतात. त्यांची काही चूक नाही. मी इंजिनिअरिंग कॉलेजात ड्रॉइंग शिकवतो. चेंडूशी माझा संबंध वर्तुळ काढण्यापुरता. पण त्या वर्षी आमचे खेळाचे सर नोकरी सोडून एका बिल्डरच्या ऑफिसात रुजू झाले. स्टाफरूममध्ये येऊन प्रिन्सिपलांनी विचारलं, "शनिवार-रविवार कोण मोकळं असतं?" बाकीच्यांनी वेळेवर माना खाली घातल्या. मला उशीर झाला.

"तुम्हाला काही करायचं नाही. फक्त मुलांबरोबर जायचं," प्रिन्सिपल म्हणाले. मी फुटबॉल संघाचा मॅनेजर झालो.

पुण्यात फुटबॉल खेळतात, नाही असं नाही. लष्कर भागात तर चांगलंच खेळतात. आमच्या बाजूला मात्र खेळला तरी घरी सांगत नाहीत. मुलगा इंजिनिअर होणार, कॉम्प्युटरचा एखादा कोर्स करणार, कंपनी त्याला कॅम्पसमधून उचलणार आणि मग तो अमेरिकेला जाणार, असा सगळ्या घरांचा नकाशा त्या दिवसांत ठरलेला होता. त्यात फुटबॉल कुठेच बसत नव्हता. आमच्या सामन्यांना प्रेक्षक दोनच. एक मी, पगारी. दुसरे तात्या.

तात्या म्हणजे आमचा फॉरवर्ड संदीप, त्याचे आजोबा. घर गावठाणातलं. कर्वेनगर पुण्यात ओढलं जायच्या आधी आमचं मैदान हे त्यांचं शेत होतं. कॉलेज निघालं तेव्हा त्यांनी ते दिलं. "पोरांना खेळायला देतोय, बांधायला नाय," एवढंच ते तेव्हा म्हणाले होते. समोरच्यांनी हात जोडून 'हो' म्हटलं होतं आणि तेवढ्यावर व्यवहार झाला होता. बाकीच्या जमिनीवर पुढे सोसायट्या झाल्या, घरात गाड्या आल्या, तात्यांना कशाची ददात नव्हती. पण संध्याकाळी मैदानाच्या कोपऱ्यातल्या कडुनिंबाखाली येऊन बसायचं त्यांनी सोडलं नव्हतं.

आता त्या मैदानावर कॉम्प्युटरची इमारत घालायची टूम निघाली होती. आम्ही कोल्हापूरहून परतणार होतो त्याच आठवड्यात संस्थेची बैठक होती. प्रिन्सिपल माणूस वाईट नाही. त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "एखादा कप आणलात तर निदान बोलायला तोंड राहील. फुटबॉल चालू आहे असं सांगता येईल. नाहीतर त्या गवताकडे बोट दाखवून मी काय सांगू?"

हे मी मुलांना सांगितलं. सांगायला नको होतं की काय, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. संदीप ऐकत होता. तो एवढंच म्हणाला, "तात्याला सांगू नका, सर. आणू आपण कप."

इथे आमच्या संघाच्या खेळाबद्दल थोडं सांगितलं पाहिजे, कारण पुढचं सगळं त्यावरूनच घडलं. इंजिनिअरिंगच्या पोरांची एक जुनी कला आहे, तिला ती 'जीटी', म्हणजे ग्लास ट्रेसिंग, म्हणतात. एक मोठी काच आडवी टेकवायची, खाली दिवा लावायचा, हुशार मुलाची शीट काचेवर पसरायची, तिच्यावर आपला कोरा कागद, आणि उजेडात जे दिसेल ते गिरवायचं. अक्षरशः जे दिसेल ते. एकदा मूळ शीटवर चहाच्या कपाचा गोल डाग पडला होता. पुढच्या सगळ्या शीटांवर तो डाग सुबक वर्तुळ होऊन उतरला, आणि एकाने तर त्याचा व्यासही लिहिला. मी त्याला व्यासाचे गुण दिले.

ही पोरं फुटबॉलही तसाच खेळत. ज्यांच्याकडून मार खाल्ला त्यांची चाल पुढच्या सामन्यात जशीच्या तशी उतरवायची. नगरला हरलो, तिथली लांब फेक उचलली. लष्कर भागातल्या कॉलेजाने दमवलं, त्यांची मैदानाच्या कडेने चालणारी पळापळ उचलली. अशी उसनवारी करत करत आम्ही त्या सीझनमध्ये हरण्यापेक्षा जास्त सामने जिंकलो होतो, आणि म्हणून कोल्हापूरच्या निमंत्रितांच्या स्पर्धेचं बोलावणं आलं.

स्वारगेट

प्रवासाचं वर्णन करण्यात अर्थ नाही. एस.टी.ने कोल्हापूरला गेलेल्यांना ते माहीत आहे आणि न गेलेल्यांना सांगून पटायचं नाही. एकच नोंदवतो. जाळीतले चेंडू कुठे ठेवायचे यावरून कंडक्टरशी वाद झाला. "माणसांना जागा नाही आणि ह्यांचे चेंडू बसून जाणार! तिकीट काढलंय का त्यांचं?" हे त्याने इतक्या शांतपणे विचारलं की आम्ही ती जाळी निमूटपणे मांडीवर घेतली. गजानन राऊत हा आमचा कॅप्टन यवतमाळचा. पुण्यात येऊन त्याला तीन वर्षं झाली होती तरी पुणेरी बोलण्याची त्याला सवय झाली नव्हती. तो माझ्या कानाशी म्हणाला, "सर, हा माणूस काऊन चिडला?"

"तो चिडलेला नाही. बोलतोय," मी म्हणालो.

कोल्हापूर, पहिले दोन दिवस

उतरण्याची सोय एका तालमीच्या वरच्या सभागृहात होती. खाली लाल मातीचा हौदा, वर आम्ही. भिंतीवर पैलवानांचे फोटो, आणि त्यांच्याच रांगेत फुटबॉल संघांचे फोटो. मी दोनदा चष्मा पुसून पाहिलं. आमच्याकडे भिंतीवरच्या फोटोत बसायला माणसाला आधी मरावं लागतं आणि शिवाय त्याने काहीतरी लिहिलेलं असावं लागतं. इथे कुणा पेठेचा गोलकीपर हार घालून हसत होता, आणि आबा म्हणाले की तो आत्ताच भाजी घेऊन घरी गेला.

आबा हे तालमीचे वडीलधारे. आमची जबाबदारी त्यांच्यावर होती. जबाबदारी म्हणजे काय याची त्यांची कल्पना माझ्यापेक्षा फारच मोठी होती.

"जेवलासा काय?"

"हो, वाटेत खाल्लं थोडं."

"थोडं म्हंजे न्हाईच की. बसा."

आम्ही बसलो. तांबडा रस्सा आला, पांढरा आला, पुन्हा तांबडा आला. मी उद्या मुलांचा सामना आहे असं सांगून पाहिलं. आबा म्हणाले, "म्हणूनच तर म्हणतोय, खावा. उपाशी पोटानं कोण म्याच खेळतंय?" आमच्याकडे पाहुण्याने नको म्हटलं की यजमानाला सुटल्यासारखं होतं. तिथे 'नको' हा शब्द कुणी ऐकल्याचंच दिसलं नाही. आमच्या गोलकीपरने पांढऱ्या रश्शाच्या चार वाट्या संपवल्या आणि भिंतीला टेकून डोळे मिटले. मला वाटलं, स्पर्धा संपली.

संपली नाही. सकाळी चौकात म्हशी उभ्या होत्या आणि लोक ग्लास धरून धारोष्ण दूध पीत होते. मुलं तेही प्यायली आणि मैदानात जाऊन त्यांनी पहिला सामना जिंकला. दुसऱ्या दिवशी उपांत्य सामनाही जिंकला. कसा, ते मी सांगू शकत नाही. मी त्या वेळी बाकड्यावर बसून प्रेक्षक मोजायचा प्रयत्न करत होतो आणि मग तो नाद सोडला. बायका पोरं घेऊन आल्या होत्या. एक म्हातारे गृहस्थ काठी टेकत आले, माझ्याशेजारी बसले आणि त्यांनी मला ऑफसाइड समजावून दिलं. मी मॅनेजर आहे हे मी त्यांना सांगितलं नाही.

त्याच दुपारी यजमान कॉलेजाचा उपांत्य सामना होता. जिंकणाऱ्याशी आमचा अंतिम सामना, म्हणून मुलं पाहायला बसली. आणि इथे ती गोष्ट घडली.

यजमानांना कॉर्नर मिळाला. म्हणजे कोपऱ्यातून चेंडू उंच मारायचा आणि गोलसमोरच्या गर्दीतल्या कुणीतरी तो आत ढकलायचा. सगळे धक्काबुक्की करत उभे होते. त्यांचा नऊ नंबरचा फॉरवर्ड मात्र खाली बसून बुटाची लेस बांधत होता. त्याच्यावर नेमलेल्या खेळाडूने त्याच्याकडे एकदा पाहिलं आणि त्याला सोडून दुसरीकडे गेला. चेंडू आला. नऊ नंबर उठला आणि त्याने मोकळ्या जागेतून गोल मारला.

मैदान दणाणलं. आमची पोरं मात्र एकदम गप्प झाली. ती गप्प झाली की मला काळजी वाटते. गजाननने माझ्या खिशातलं पेन काढून घेतलं.

"सर, तुमी पाह्यलं का? त्यानं लेस बांधाचं नाटक केलं."

"सेट पीस आहे तो, सर. प्लॅन्ड आहे," गोलकीपर म्हणाला.

संध्याकाळी तालमीच्या अंगणात माझ्याच वहीच्या पानावर आकृती तयार झाली. बाण, तुटक रेषा, खाली बसलेला माणूस बाजूने आणि वरून. आकृती उत्तम होती, मी शिकवलेलं वाया गेलं नव्हतं. मग तालीम सुरू झाली. संदीप खाली बसायचा, चेंडू यायचा, संदीप उठायचा. आबा गॅलरीत उभे राहून बराच वेळ पाहत होते.

"त्या पोराच्या पायाला काय झालंय का?" त्यांनी मला विचारलं.

"नाही, सराव चाललाय," मी म्हणालो.

कोल्हापूर, अंतिम सामना

पहिल्या अर्ध्यात कुणाचाच गोल झाला नाही. संदीपवर जो बॅक नेमला होता त्याचं नाव रणजित. दाराच्या चौकटीत मावणार नाही असा मुलगा, आणि बोलका. सगळा वेळ तो संदीपला ढकलत होता आणि ढकलताना चौकशी करत होता. "पुण्यात कुठं राहतोस? थंडी हाय का तिकडं?" संदीप वैतागला होता.

दुसऱ्या अर्ध्यात आम्हाला कॉर्नर मिळाला. कोपऱ्यावर गजानन. त्याने हात वर केला, ही ठरलेली खूण होती. संदीप खाली बसला आणि बुटाची लेस हातात धरली.

रणजितने त्याला सोडून जायचं होतं. आकृतीत तसंच होतं. पण तो गेला नाही. त्याने खाली पाहिलं, दोन्ही हात वर केले, कोपऱ्याकडे तोंड करून ओरडला, "ए, थांब की जरा! ह्याची नाडी सुटलीया!" आणि पंचांनाही सांगावं म्हणून त्यांच्याकडे वळला. त्याची पाठ आता चेंडूकडे होती. त्या गोंगाटात गजाननला काही ऐकू गेलं नाही. त्याने चेंडू मारला. संदीप उठला आणि चेंडू जाळीत गेला.

पंचांची शिट्टी वाजली. गोल. नियमाप्रमाणे गोलच होता.

आमची पोरं एकमेकांच्या अंगावर पडली. मीही उठून उभा राहिलो होतो, हे कबूल करतो. मला मैदान दिसत होतं, आमचं, कडुनिंबाचं. मग माझ्या लक्षात आलं की आमच्या आवाजाशिवाय दुसरा आवाजच नाही. मला वाटलं होतं शिव्या पडतील. एकही पडली नाही. एवढी माणसं आणि कुणी बोलत नव्हतं.

रणजित संदीपजवळ आला. मी रेषेच्या कडेलाच होतो, मला स्पष्ट ऐकू आलं.

"बांधली का नाडी?" त्याने विचारलं. आणि खरंच गाठ पाहायला खाली वाकला. गाठ घट्ट होती. सकाळी तालमीतून निघताना बांधलेली, तशीच. तो सावकाश उभा राहिला.

"काल तुमच्या नऊ नंबरनं असंच केलं की," संदीप म्हणाला. त्याचा आवाज उतरला होता.

"त्याची खरंच सुटली हुती लेका. त्याच्या बुटाची भोकंच फाटल्यात, हर म्याचला सुटतीया," रणजित म्हणाला आणि आपल्या जागेवर निघून गेला.

आम्ही चहाचा डाग गिरवला होता.

संदीप आणि गजानन माझ्याकडे आले. "सर, काय करू?" संदीपने विचारलं.

मी म्हणालो, "पंचांनी गोल दिलाय. नियमात बसतो." हे खरं होतं. पुढे मी हेही म्हणालो, "कपाचं तुला माहीत आहे." हेही खरं होतं.

गजानन म्हणाला, "तू सांग, संद्या. जमीन तुही हाय. तू म्हणशीन तसं."

संदीप वळला. मधल्या वर्तुळाकडे चालत गेला. गोल झाल्यावर समोरचा संघ मधून खेळ सुरू करतो. त्यांच्या नऊ नंबरने चेंडू पुढे घेतला. संदीप त्याच्या वाटेतच होता. तो बाजूला झाला, खाली बसला, बुटाची लेस ओढून सोडली आणि पहिल्यापासून बांधू लागला.

नऊ नंबर थबकला. त्याला कळेना. मग गजानन खाली बसला. मग त्याच्या मागचा. आणि ज्यांना काहीच ठाऊक नव्हतं तेही, पुढच्याचं पाहून, खाली बसून लेस सोडायला लागले. शेवटी आमचा गोलकीपर दोन खांबांच्या मधून बाजूला झाला आणि तोही बसला. अकराच्या अकरा पोरं माना खाली घालून लेस बांधत होती. आयुष्यात इतकी चोख नक्कल मी पाहिली नव्हती. नऊ नंबर चेंडू घेऊन त्यांच्यामधून चालत गेला आणि रिकाम्या गोलात त्याने तो हळूच ढकलला.

त्यानंतर जो आवाज झाला तो मला वर्णन करता येणार नाही. शेजारचे काठीवाले गृहस्थ उठून उभे राहिले होते. "कुठली म्हणायची ही पोरं?" त्यांनी विचारलं. "माझी," मी म्हणालो.

उरलेला सामना दोन्ही संघ जीव तोडून खेळले. शेवटी शेवटी त्यांनी गोल केला, अगदी सरळ, कुणाची लेस न सुटता. आम्ही हरलो.

संध्याकाळी आबांनी निघू दिलं नाही. रणजितही जेवायला आला आणि संदीपच्या ताटात वाढत राहिला. संदीप जेवत होता, हसतही होता. मधेच त्याने मला विचारलं, "सर, बैठक शनिवारीच हाय ना?" मी हो म्हणालो. त्याने मान हलवली आणि आणखी एक भाकरी घेतली. तो आपल्या आजोबांचं मैदान कोल्हापुरात ठेवून निघाला होता, आणि हे त्या पंगतीत फक्त आम्हा पुण्याच्या लोकांना माहीत होतं. मला त्याचा अभिमान वाटला. त्याला तसं सांगायला हवं होतं, पण आमच्याकडे असं बोलायची पद्धत नाही. मी त्याला ताक पुढे केलं.

परत

प्रिन्सिपलांच्या केबिनमध्ये मी दुसऱ्याच दिवशी गेलो.

"कप?"

"उपविजेते."

"म्हणजे?"

"म्हणजे हरलो."

"बरं," ते म्हणाले. त्यांनी टेबलावरचा इमारतीचा नकाशा माझ्याकडे सरकवला. "आलाच आहात तर एकदा स्केल बघून घ्या. तुमचा विषय आहे." मी स्केल पाहिलं. बरोबर होतं.

संध्याकाळी मैदानावर गेलो. मापं घ्यायला आलेल्या माणसांनी गोलसमोर चुन्याच्या रेषा मारून ठेवल्या होत्या. तात्या कडुनिंबाखाली बसलेले.

"या. संद्या काय बोलंना. हरलो म्हणतो आणि गप बसतो. तुम्ही सांगा."

मी पहिल्यापासून सांगितलं. काच आणि दिवा, चहाचा डाग, नऊ नंबरची लेस, रणजित, सगळं. ते ऐकताना मधेच हसले. पोरं खाली बसली तिथे आलो तेव्हा त्यांनी मला थांबवलं.

"गोल परत दिला? त्यांनी मागितला व्हता का?"

"नाही."

"मग पंचानं सांगितलं?"

"नाही. पंचांच्या दृष्टीने तो नियमात बसत होता."

"नियमात बसत व्हता," तात्यांनी माझेच शब्द सावकाश म्हटले. ते चुन्याच्या रेषांकडे पाहत होते. "परवा तुमच्या सायबांना भेटाया गेलतो. ते बी हेच म्हणले. खेळायलाच द्या असं कागदावर कुठं ल्हेलेलं नाय, म्हणले."

मला फार लाज वाटत होती. सकाळी त्याच नकाशाचं स्केल मी तपासून दिलं होतं.

"चांगलं केलं पोरांनी," तात्या म्हणाले. "एकानं केलं आन् बाकीच्यांनी बघून केलं, असंच ना?"

"हो."

"मग सर, एक काम करा. ही तुमची बघून करायची कला हाय ना, ती सायबांना शिकवा की एकदा."

ते हे रागाने म्हणाले नाहीत. म्हणून मला त्यांच्याकडे पाहवेना. माझी लेस सुटलेली नव्हती, तरी मी खाली वाकलो आणि बराच वेळ ती बांधत राहिलो.